प्रॉम्प्टरवर काय असायचं आणि काय नसायचं : रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाची तीन वर्षं

काचेमागची
रात्री ११:५२

शेजारच्या धाग्यावर कोणीतरी लिहिलंय की टीव्हीवरच्या मुलाखती म्हणजे सगळं प्रॉम्प्टरवरून वाचलेलं असतं, गप्पा वगैरे काही नसतात. तिथे उत्तर द्यायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतेय.

२००४ ते २००७ अशी तीन वर्षं मी एका मराठी वाहिनीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात प्रॉम्प्टर चालवत होते. वाहिनीचं, कार्यक्रमाचं नाव लिहिणार नाही. सूत्रसंचालकांना आम्ही सगळे 'सर' म्हणायचो, इथेही तेच म्हणते.

प्रॉम्प्टर म्हणजे काय ते आधी सांगते. कॅमेऱ्याच्या भिंगासमोर ४५ अंशात तिरकी काच लावलेली असते. खाली आडवा मॉनिटर, त्यावर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी. काचेत ती सुलटी दिसतात. कॅमेरा काचेतून आरपार बघतो, त्याला अक्षरं दिसत नाहीत, म्हणून बोलणारा थेट तुमच्या डोळ्यांत बघून बोलतोय असं वाटतं. काचेच्या मागे काळं कापड, नाहीतर अक्षरं पुसट होतात. माझं टेबल कॅमेरा दोनच्या मागे असायचं. कानात हेडफोन, हातात एक चाक. चाक फिरवलं की मजकूर वर सरकतो.

लोकांना वाटतं की मजकूर एका वेगाने सरकतो आणि बोलणारा त्याच्या मागे धावतो. खरं उलट आहे. चालवणारीने बोलणाऱ्याच्या मागे चालायचं असतं. त्यांनी श्वास घेतला की मी थांबायचं. ते मध्येच कागदाबाहेरचं काही बोलले की ओळ तिथेच धरून ठेवायची, परत येतील तेव्हा ती डोळ्यांच्या उंचीवर हवी. पहिल्या महिन्यात मी शब्द ऐकत होते. मग कळलं की शब्दांच्या आधी छाती हलते. तिकडे बघायचं.

आता मूळ मुद्दा. त्या काचेवर असायचं ते एवढंच : सुरुवातीचं दीड-दोन मिनिटांचं निवेदन, पाहुण्यांची ओळख, 'भेटूया एका छोट्याशा विश्रांतीनंतर'च्या आगेमागेची दोन वाक्यं, आणि शेवटचा निरोप. प्रश्न कधी पूर्ण वाक्यात लिहिलेला नसायचा. दोन शब्दांची खूण असायची : 'आई, शिवणयंत्र' किंवा 'पहिला पगार'. आणि उत्तरं? पाहुण्याला काच दिसतच नसे, त्याची खुर्ची दुसऱ्या कॅमेऱ्याकडे तोंड करून असायची. तासाभराच्या बोलण्यातला बहुतेक वेळ माझी काच काळी असायची. मी ते तीन वर्षं बघितलंय, त्यामुळे 'सगळं वाचलेलं असतं' हे वाचून वाईट वाटलं.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आठवेल ते लिहीन.

---

शब्दवेडी
रात्री १२:०६

किती छान लिहिलंय! तेव्हा मराठी अक्षरं कशी दिसायची संगणकावर? २००४ म्हणजे युनिकोड अजून घरोघरी पोचलं नव्हतं.

---

नाईटशिफ्ट
रात्री १२:१०

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

काचेमागची
रात्री १२:४१

शब्दवेडी, तुम्ही अगदी दुखरी जागा विचारलीत.

लेखकमंडळी कुणी श्रीलिपीत लिहायची, कुणी शिवाजीत, कुणी किरणमध्ये. या फाँटांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची. त्यामुळे ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथे फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. प्रॉम्प्टरचं सॉफ्टवेअर परदेशी, त्याला आपली जोडाक्षरं झेपायची नाहीत. 'स्त्री' तुटायचा, 'र्‍या' हमखास तुटायचा, वेलांटी एक घर पुढे जाऊन बसायची. म्हणून चित्रीकरणाच्या आदल्या रात्री सगळा मजकूर मी पुन्हा टाइप करायचे, ज्या एका फाँटमध्ये अक्षरं शाबूत राहायची त्यात. सुरुवातीला ही शिक्षाच वाटायची. पण त्यामुळेच मला प्रत्येक वाक्य हाताखालून न्यावं लागलं, आणि बोलायची मराठी व लिहायची मराठी यांच्यातलं अंतर कळलं.

तीन-चार गोष्टी ज्या मी तेव्हा शिकले :

आकडे अक्षरी लिहायचे. सर इंग्रजी माध्यमातले होते. काचेवर ६९ दिसलं की त्यांची नजर क्षणभर अडकायची, एकोणसत्तर की एकोणऐंशी? तेवढा क्षण कॅमेऱ्याला दिसतो. 'एकोणीसशे ब्याऐंशी' असं लिहिलं की गाडी सरळ.

च, ज, झ चे दोन उच्चार. आपण लिहिताना भेद करत नाही. 'जरा थांबा' मधला जरा वेगळा आणि 'जराजर्जर' मधला वेगळा. गाईला घालतात तो चारा वेगळा आणि तीनानंतरचा चार वेगळा. सरांना दचका बसू नये म्हणून मी दाताला जीभ लावून म्हणायच्या च-ज खाली टिंब द्यायला लागले. पाहुण्यांच्या आडनावांना तर हमखास. माणसाला घरी बोलावून त्याचं आडनाव चुकीचं उच्चारायचं, यासारखा दुसरा अपमान नाही. मी प्रत्येक पाहुण्याला फोन करून विचारायचे, 'तुमच्या घरी आजी कसं म्हणायच्या?'

आणि ओळीची लांबी. एका ओळीत चार शब्द, फार तर पाच. त्याहून लांब ओळ झाली की वाचणाऱ्याची बुबुळं डावीकडून उजवीकडे फिरतात आणि घरी बसलेल्याला कळतं की हा वाचतोय.

---

परळचा_पोऱ्या
सकाळी ७:१५

ताई, एक शंका. कार्यक्रम रात्री साडेअकराला लागायचा ना? मग खरंच रात्री शूट करायचे का? माझी आई रुग्णालयात आयाचं काम करायची. सेकंड शिफ्ट करून घरी आली की जेवताना लावायची असाच एक कार्यक्रम. तिला वाटायचं ते लोकपण आत्ताच जागे आहेत. माझ्या लहानपणीची फार जवळची आठवण आहे ती.

---

काचेमागची
सकाळी ९:३०

तुमच्या आईंना नमस्कार सांगा. आमच्या टेबलवर एक कागद चिकटवलेला होता, बघणारे कोण : पाळीवरून आलेल्या परिचारिका, वॉचमन, बाळ झोपत नाही म्हणून जागी आई, परीक्षेची मुलं. सरांनीच लिहिला होता. निवेदन लिहिणाऱ्याने आधी तो वाचायचा असा नियम होता.

नाही, रात्री शूट व्हायचं नाही. दिवसाला दोन भाग, पहिला दुपारी तीनला, दुसरा सातला. सेटवर मोठी खिडकी होती आणि तिच्यामागे मरीन ड्राइव्हच्या दिव्यांचं भलं मोठं ट्रान्सलाईट, म्हणजे मागून उजेड दिलेलं छायाचित्र. बाहेर गोरेगावला डोक्यावर ऊन आणि आत कायमची रात्र. दोन भागांच्या मध्ये सर जाकीट बदलायचे आणि प्रेक्षकांना जागा बदलून बसवायचे. शाली, स्वेटर अदलाबदल करायला सांगायचे, म्हणजे तेच चेहरे दुसऱ्या दिवशीच्या भागात लगेच ओळखू येणार नाहीत.

पण आमची रात्र खरी असायची. दुसरा भाग संपून पॅकअप व्हायला साडेदहा-अकरा. मग दुसऱ्या दिवशीचा मजकूर. मी डोंबिवलीची. गोरेगावहून दादर, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वे. शेवटची गाडी चुकली की पहाटे चारपर्यंत काही नाही. चित्रनगरीच्या आतून फाटकापर्यंत एकटीने चालत जायचं नाही हा तिथला जुना नियम, बिबट्या दिसतो म्हणून. राष्ट्रीय उद्यान आणि आरे लागूनच आहेत. प्रकाशयोजनेची मुलं, मेकअपदादा, मी, असे पाच-सहा जण घोळका करून निघायचो आणि मोठ्याने बोलत जायचो. गाडी चुकली तर सेटवरचा पाहुण्यांचा सोफा. त्या सोफ्यावर मोठमोठी माणसं बसून गेली होती, आणि मी त्यावर पाय पोटाशी घेऊन झोपायचे, खिडकीत मरीन ड्राइव्ह विझलेलं.

---

लाईटवाला_बोरिवली
सकाळी १०:०२

ताई, सगळं डोळ्यासमोर आलं. मी तेव्हा दुसऱ्या सेटवर होतो. आम्ही तर वर जाळीवरच झोपायचो, जिथे दिवे टांगतात तिथे फळी टाकून. खालच्यापेक्षा वर गरम असतं, थंडीत बरं वाटायचं.

एक सांगायचंय. पाहुणे निघताना सरांना, डायरेक्टरला हात मिळवतात. वर बघून हात हलवणारे मला मोजून चार-पाच आठवतात. त्यातल्या एकीने विचारलं होतं, 'दादा, माझ्या चष्म्यात दिवा दिसतो का?' आम्ही अर्धा तास तो दिवा वर-खाली करत होतो, त्यांना कळलं होतं. चष्म्यातलं प्रतिबिंब घालवायचं तर दिवा उंच न्यावा लागतो, आणि उंच नेला की डोळ्यांखाली सावली पडते. मग खालून पांढरा थर्माकोल धरून उजेड परत द्यायचा. तो थर्माकोल धरून उभं राहायचं काम माझं. तासभर हलायचं नाही.

आणि पैसे नव्वद दिवसांनी. हे पण लिहा कोणीतरी.

---

काचेमागची
सकाळी १०:२०

दादा, तुम्हीच लिहिलंत, बरं झालं. माझेही नव्वद दिवसांनीच यायचे, आणि एका निर्मिती संस्थेकडचे दोन महिन्यांचे आलेच नाहीत. त्याबद्दल आज काही करता येणार नाही, पण नव्या मुलांनी पहिल्या दिवशीच कागदावर लिहून घ्यावं असं मी प्रत्येकाला सांगते.

---

बूमवाला
दुपारी १:४४

मी ध्वनीमुद्रणात आहे म्हणून आमच्या बाजूचं लिहितो.

टीव्हीवर यायचं म्हणून बायका पैठणी नेसून येतात. सुंदर दिसते, पण रेशीम माइकला घासलं की वाळक्या पानांसारखी सळसळ होते. बांगड्या आणि मंगळसूत्र तर छोट्या माइकच्या अगदी शेजारी. काढा म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून आम्ही मंगळसूत्राच्या वाट्यांच्या मागे पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावायचो, माइक पदराच्या आत न लावता खांद्याच्या पिनेपाशी. पुरुषांच्या बाबतीत बारीक चौकड्यांचा शर्ट हा कॅमेऱ्याचा त्रास, तो पडद्यावर लहरींसारखा हलतो. आणि एसी. एसीची घरघर घेतली की संकलनात प्रत्येक तुकड्याला ती ऐकू येते, म्हणून टेक सुरू झाला की एसी बंद. दिव्यांच्या उष्णतेत दहा मिनिटांत घाम. मग मेकअपदादा टच-अपला धावणार, तेवढ्यात पाहुण्याच्या बोलण्याची तार तुटणार. मेकअप, ध्वनी आणि प्रकाश यांच्यात दर दिवशी हाच वाद.

भाग संपल्यावर आम्ही सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं करायचो. खोलीची शांतता रेकॉर्ड करायला. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संकलनात दोन वाक्यांच्या मध्ये तीच भरावी लागते, नाहीतर कान दचकतो.

---

कोरडा_पाषाण
दुपारी ३:१०

सगळ्यांचे अनुभव वाचले, कष्टांबद्दल आदर आहे. पण शेजारच्या धाग्यावरचा माझा आक्षेप कायम. टाळ्या तुम्ही आधी वाजवून घेता, हसणारे चेहरे कुठलेतरी कुठे जोडता, दुपारला रात्र म्हणता. मग गप्पा तेवढ्या खऱ्या हे कशावरून मानायचं? आणि बहुतेक पाहुणे नवीन नाटक, नवीन सिनेमा आला की येतात.

---

कात्री_आणि_धागा
दुपारी ४:२५

मी संकलक. कोरडा_पाषाण यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देतो.

हो, हसणारे चेहरे हलवतो. प्रेक्षकांच्या टाळ्या, हसणं, मान डोलावणं हे पाहुणा यायच्या आधी वीस मिनिटं वेगळं चित्रित करून ठेवतात, आणि ते हवं तिथे लागतं. कारण असं : सव्वा तास चित्रण असतं. एका तासाच्या कार्यक्रमात जाहिराती आणि वाहिनीची स्वतःची जाहिरात मिळून १२ मिनिटांची मर्यादा आहे नियमाने. शीर्षक, पुनरावलोकन वगैरे गेलं की हातात ४४ मिनिटं उरतात. सव्वा तासाचे ४४ करताना जिथे जिथे कापतो तिथे माणसाची मान एकदम एका बाजूहून दुसरीकडे उडी मारते. ती उडी झाकायला प्रेक्षकांचा चेहरा लागतो. यात फसवायचा हेतू नसतो, शिवणीवर पट्टी लावावी तसं आहे.

पण जी गोष्ट मला आजही बोचते ती सांगतो. बोलता बोलता माणूस थांबतो. चार सेकंद, सहा सेकंद. वाहिनीकडून निरोप यायचा, 'ड्रॅग होतंय', म्हणजे रेंगाळतंय. आणि मी ते थांबणं कापायचो. एका पाहुण्याच्या धाकट्या भावाबद्दलचं थांबणं कापलं मी. नऊ सेकंदांचं होतं. नंतर प्रक्षेपण बघताना ते वाक्य पाठ केल्यासारखं वाटलं. म्हणजे तुम्ही म्हणता तो खोटेपणा तिथे होता, आणि तो माझ्या हाताने झाला.

---

कोरडा_पाषाण
दुपारी ४:५०

हे इतकं प्रांजळपणे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. माझं मत थोडं बदललं.

---

हडसनकाठ
संध्याकाळी ६:३३

इथे न्यूयॉर्कला मी डेव्हिड लेटरमनचा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम प्रत्यक्ष बघितला होता, ब्रॉडवेवरच्या एड सुलिव्हन थिएटरात. १९९३ ते २०१५ तिथेच चालला. तिकीट फुकट, पण नाव नोंदवून वाट बघायची. तिथेही चित्रीकरण संध्याकाळच्या आत आणि प्रक्षेपण रात्री साडेअकराला. नाट्यगृह मुद्दाम थंडगार ठेवायचे, आम्हाला स्वेटर घालून या असं सांगितलं होतं. आणि काचेमागची यांना आवडेल अशी गोष्ट : तिथे निवेदन मोठ्या पुठ्ठ्यांवर हाताने लिहिलेलं होतं. एक माणूस कॅमेऱ्याशेजारी उभा राहून एकेक पुठ्ठा काढत होता. त्याची नजर पूर्ण वेळ लेटरमनच्या तोंडाकडे.

---

वरळी_नाका
संध्याकाळी ७:०५

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा आमच्या चाळीत एकच संच होता. अभिनेत्री तबस्सूम यांचा मुलाखतींचा कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला आणि १९९३ पर्यंत चालला. २१ वर्षं! त्या पाहुण्याला बोलू द्यायच्या, हे मला तेव्हा लहान असूनही जाणवायचं. त्यामुळे या धाग्यातला थांबण्याचा मुद्दा फार पटला. मुलाखत घेणाऱ्याचं मोठेपण तो किती वेळ गप्प राहू शकतो यावर मोजावं असं माझं मत आहे.

---

शब्दवेडी
संध्याकाळी ७:४०

काचेमागची, 'छाती हलते तिकडे बघायचं' हे मनात राहिलं. ओळ कुठे तोडायची हे कसं ठरवायचात? काही नियम होता का कुणी शिकवलेला?

---

काचेमागची
रात्री ११:१८

दिवसभर कामात होते, आत्ता निवांत लिहिते. याचं उत्तर मोठं आहे.

कुणी शिकवलं नव्हतं. पहिलं वर्षभर मी ओळ जिथे पुरेल तिथे तोडायचे. तीन-चार शब्द झाले की खाली. त्यामुळे 'त्यांच्या वडिलांनी गिरणी' एका ओळीवर आणि 'बंद पडल्यावर' खालच्या ओळीवर असं व्हायचं. सर ते सांभाळून घ्यायचे, पण वाक्य कुठेतरी लंगडायचं.

मग २६ जुलै २००५ आला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आम्ही पहिल्या भागाच्या तयारीत होतो. प्रेक्षक म्हणून कांदिवलीच्या एका महिला मंडळाच्या चाळीसेक बायका आलेल्या. पाहुणा पोचलाच नाही. चार वाजेपर्यंत रस्ते बंद, गाड्या बंद, फोन लागेना. वीज गेली. जनरेटर होता, पण डिझेल किती वेळ पुरेल कुणास ठाऊक, म्हणून तोही रात्री बंद केला. स्पॉटदादांनी होतं नव्हतं ते तांदूळ-डाळ एकत्र करून मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली. सर सगळ्यांना वाढत होते. बायकांचा जीव घरी अडकलेला. कुणाची मुलं शाळेत, कुणाचा नवरा चर्चगेटला. दर थोड्या वेळाने कोणीतरी हुंदका द्यायचं.

त्यांच्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांनी अंधारात ओव्या म्हणायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. बाकीच्यांनी हळूहळू धरल्या. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि मला दिसलं की त्यांचा उजवा हात मांडीवर गोल फिरतोय. समोर जातं नाही, तरी हात फिरतोय. मी विचारलं, 'आजी, हात का फिरवता?' त्या म्हणाल्या, 'हात लांब गेला की शब्द, जवळ आला की दम. हात थांबला तर ओवी कुठं मोडायची ते कसं कळंल?'

मी ते रात्रभर ऐकत बसले. एक वेढा, एक चरण. दळणाऱ्या बाईला श्वास जिथे लागणार तिथेच चरण संपतो, आणि अर्थही तिथेच संपतो. कुठेही शब्द अधांतरी लटकत नाही. शतकानुशतकं बायकांनी अंगमेहनत करताना बसवलेलं मोजमाप आहे ते, आणि मी संगणकावर शब्द मोजत बसले होते.

सकाळी पाणी उतरायला लागलं तशा त्या सगळ्या चालत निघाल्या, पदर खोचून, एकमेकींचे हात धरून. आमच्या युनिटची मुलं त्यांना महामार्गापर्यंत सोडून आली. मी डोंबिवलीला तिसऱ्या दिवशी पोचले.

पुढच्या चित्रीकरणाच्या आदल्या रात्री मी मजकूर टाइप करताना डावा हात टेबलावर फिरवत मोठ्याने वाचला. जिथे हात जवळ येईल तिथे ओळ तोडली. काही ओळी दोन शब्दांच्या झाल्या, काही सहांच्या. पाचांचा नियम मोडला. दुसऱ्या दिवशी सरांनी निवेदन केलं आणि कट झाल्यावर माझ्याकडे वळून विचारलं, 'आज कुणी लिहिलंय?' लेखक तोच होता, एक शब्दही बदलला नव्हता.

तेव्हापासून शेवटच्या भागापर्यंत मी तसंच केलं.

---

परळचा_पोऱ्या
रात्री ११:३१

अंगावर काटा आला ताई. माझी आजी पण हात फिरवायची. आम्ही समजायचो म्हातारपणाने फिरतोय.

---

बूमवाला
रात्री ११:४४

+१. आणि त्या रात्री कुणी रेकॉर्डर का चालू केला नाही, हे मला ध्वनीवाला म्हणून विचारावंसं वाटलं होतं, पण बॅटऱ्या मोबाइलसाठी, विजेरीसाठी लागत असणार. बरोबर केलंत.

---

कात्री_आणि_धागा
सकाळी ८:१२

हे आधी वाचलं असतं तर ते नऊ सेकंद मी भांडून ठेवले असते.

---

पहिल्यांदाच_माइकवर
सकाळी ११:२०

नमस्कार, मी इथे नवीन आहे, फक्त वाचत असतो. यंदा आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गणपतीत सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय. आयुष्यात कधी केलं नाही. सुरुवात अशी लिहिली आहे :

'आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या गणेशोत्सवानिमित्त आयोजित करण्यात आलेल्या सांस्कृतिक कार्यक्रमास उपस्थित असलेल्या सर्व सभासदांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे मी हार्दिक स्वागत करतो.'

आरशासमोर म्हणून बघितलं, धाप लागते. काचेमागची ताई, जमलं तर बघाल का?

---

काचेमागची
दुपारी १२:०५

नक्की. लिहायची मराठी आहे ही, नोटिशीवर शोभेल. सभासद कुटुंबीय वगैरे समोर बसलेलेच असतात, त्यांना ते सांगायला नको. मी असं लिहीन :

नमस्कार.
आज आपल्या गणपतीचा
तिसरा दिवस.
पाऊस थांबलेला नाही,
तरी तुम्ही सगळे
खाली आलात.
(इथे थांबा. पहिल्या रांगेतल्या आजी-आजोबांकडे बघा.)
पोरं गेला महिनाभर
गच्चीवर नाच बसवतायत.
आज तो बघायचा.

हात फिरवत तीनदा मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल ती ओळ माझी चुकली असं समजा आणि तुमच्या दमाप्रमाणे तोडा.

---

पहिल्यांदाच_माइकवर
रात्री ९:४८

वाचलं ताई. धाप लागली नाही! आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभी राहिली.

अजून एक अडचण आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू दरवर्षी नैवेद्याचे मोदक करायच्या. मार्चमध्ये गेल्या. कमिटीने त्यांचं नाव घ्यायला सांगितलंय. मी त्यांच्या घरीच वाढलो. नाव आलं की आवाज जातो, दोनदा प्रयत्न केला. कसं लिहू?

---

काचेमागची
रात्री १०:१५

त्यांचं नाव एका ओळीवर एकटंच लिहा. वरची ओळ कोरी, खालची ओळ कोरी. नावाच्या आधी 'आपल्या सर्वांच्या लाडक्या', 'कैलासवासी' असं काही जोडू नका, तुम्ही त्यांना ज्या नावाने हाक मारायचात तेच लिहा.

कागद डाव्या हातात धरा आणि नाव घेताना अंगठा त्या ओळीवर ठेवा. आवाज गेला तर जाऊ दे, कुणीही उठून जाणार नाही. परत बोलता येईल तेव्हा अंगठ्याच्या खालच्या ओळीपासून सुरू करा, म्हणजे जागा शोधावी लागणार नाही. आणि माइक तोंडापासून दूर नेऊ नका.